दोन खुणांच्या मधली जागा

हिंगोलीच्या एमआयडीसीत, हळद पॉलिश करायच्या एका शेडला लागून, माझ्या मामांचं वर्कशॉप होतं. तिथं सगळ्यावर पिवळी धूळ बसायची. लेथवर, व्हाइसवर, मिस्तरींच्या टोपीवर, माठाच्या झाकणावरसुद्धा. फक्त मागच्या एका खोलीत ती शिरता कामा नये, असा मामांचा हुकूम होता. दाराला खालून सायकलच्या ट्यूबची पट्टी लावलेली होती. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. त्या खोलीत मी बसत असे.

खोलीत एक काळा दगड होता, ग्रॅनाइटचा, पलंगाएवढा. त्यावर कमानीसारखा एक पूल होता आणि पुलातून खाली एक दांडा लोंबत असे. दांड्याच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा लाल मणी. कॉम्प्रेसर सुरू केला की पूल हवेच्या थरावर तरंगायचा आणि एका बोटाने सरकवता यायचा. मणी लोखंडाला टेकला की 'टुक' असा आवाज व्हायचा, वरचा लाल दिवा लुकलुकायचा, आणि ती जागा संगणकात जायची. या यंत्राला सीएमएम म्हणतात. आमच्याकडे त्याला 'मोजायची मशीन' म्हणत.

मामा वीसेक वर्षं पुण्याच्या एका कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा तिथली यंत्रं विकायला निघाली, आणि हिशेबाचे जे पैसे हातात आले होते त्यात मामांनी हे हातानं चालवायचं जुनं मोजणीयंत्र घेतलं. लेथ घेतला असता तर कुणी हसलं नसतं. "पोटाला चिमटा काढून माप घेतलं," असं माझे वडील म्हणाले. मामांचं म्हणणं वेगळं होतं. लेथ कुणाकडेही असतो, माप कुणाकडे नसतं. जिल्ह्यात असं यंत्र दुसरं नव्हतं हे खरंच होतं. त्याची गरज असलेलंही दुसरं कुणी नव्हतं.

मामा परत का आले ते घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या बरोबरीची माणसं पुण्यात सोसायट्यांच्या गेटवर उभी राहू लागली होती. खाकी किंवा निळा शर्ट, शिट्टी, वही. मामा एकदा आईला म्हणाले होते, "ताई, मी लोखंड हातात धरणारा माणूस आहे. मी शिट्टी धरणार नाही." वर्कशॉप चाललं नाही तर दुसरं काय, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. आम्हाला कळत होतं.

मी नांदेडला इंग्रजी शाळेत शिकले, मग तिथंच मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. वर्गात मुली थोड्या होत्या आणि मी त्यांच्यातही बोलत नसे. नोकरी मिळाली नाही. मामांनी बोलावलं. त्यांना संगणकावर बसणारं कुणी हवं होतं, आणि कंपन्यांचे फोन इंग्रजीत येत. मला लोकांसमोर बोलायची भीती वाटे, पण त्या खोलीत बोलावं लागत नसे. मण्याने लोखंडाला टेकायचं, आवाज ऐकायचा, पुढं सरकायचं. मला ते काम आवडलं होतं.

वर्कशॉपमध्ये खरं काम मिस्तरींचं. ते साखरा गावचे. घरी मेंढरं होती, भाऊ सांभाळायचे. मामांचे शाळेतले सोबती, पण कामावर असले की मामांना 'साहेब' म्हणायचे आणि चहाच्या वेळी एकेरीत शिव्या द्यायचे. खंडेनवमीला त्यांनी सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावलं. आम्ही बौद्ध. मामा बाजूला हात मागं बांधून उभे राहिले, अडवलं नाही. माझ्या खोलीच्या दाराशी मिस्तरी थबकले.

"ह्या मशीनला काय करावं, ताई? हात लावू का नको?"

"नको," मी म्हणाले. "दगडाला तेल लागलं तर पूल अडकेल."

"बघा साहेब," ते मामांना म्हणाले, "ह्या मशीनला देव बी शिवून घेत न्हाई. लई सोवळी हाय." आणि झेंडूचं एक फूल त्यांनी संगणकाच्या डोक्यावर ठेवलं. ते वाळून चुरा होईपर्यंत मी काढलं नाही.

आम्हाला काम मिळालं ते औरंगाबादच्या एका कंपनीचं. ती मसाल्याची पाकिटं भरायची यंत्रं बनवायची. त्यात एक कॅम लागतो. कॅम म्हणजे अंड्याच्या आकाराची लोखंडी चकती. ती फिरते तेव्हा तिच्या कडेवरून एक छोटं चाक धावतं, चकतीच्या आकाराप्रमाणे वरखाली होतं, आणि त्यावर पाकिटात मसाला कधी पडणार ते ठरतं. कडेचा आकार बिघडला की सगळं बिघडतं. आधी थोडे नमुने, मग एक चाचणीची खेप, ती पास झाली तर कायमचं काम, असं ठरलं होतं. मामांनी त्या कायमच्या कामाच्या भरवशावर बाकीची फुटकळ कामं सोडली.

कॅम आम्ही जुन्या मिलिंग मशीनवर, कंपनीने दिलेल्या मास्टर चकतीवरून काढायचो, कडा किंचित जास्त ठेवून. मग मी ती मोजायची. चकती एका भाग पाडलेल्या तबकडीवर बसवायची, एक भाग फिरवायचा, मणी टेकवायचा. पुन्हा एक भाग, पुन्हा टेकवायचं. पूर्ण फेरा झाला की जिथं जिथं माप जास्त आलं तिथं मी निळ्या पेनने खूण करायची आणि शेजारी किती मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे किती हजारावे भाग, ते लिहायचं. ही पद्धत मामांनीच घालून दिली होती. मिस्तरींना कागदावरचे आकडे बघायचा कंटाळा, म्हणून आकडे लोखंडावरच. ते ऑइलस्टोन, म्हणजे घासायचा बारीक दगड, घेऊन बसायचे, घासायचे, मला परत द्यायचे. मी पुन्हा मोजायची. माप बरोबर यायचं. मिस्तरींच्या हाताचं मला नवल वाटायचं.

नमुने पास झाले. चाचणीची खेप तयार होत आली तेव्हा फोन आला. कंपनीत नवा क्वालिटी इंजिनिअर आला होता. मामांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"काय म्हणून राहिलाय?" फोन ठेवल्यावर ते म्हणाले.

"नमुन्यांचे कॅम लावलेत त्या मशीनमधून टकटक आवाज येतोय. मापं बरोबर आहेत तरी येतोय. म्हणून आता खेप घेण्याआधी ते स्कॅनिंग करणार. बिंदू बिंदू नको म्हणाले."

मिस्तरी दारात उभे होते. त्यांनी विचारलं, स्कॅनिंग म्हंजे काय, फोटो काढत्यात का.

मामा म्हणाले, "न्हाई रे. आपण मोंढ्यात हळद न्यायची. व्यापारी पोत्यात परखी खुपसतो, दोन-चार ठिकाणी. जेवढी हळद परखीत आली तेवढीच बघतो. ताई करती ते तसं. अन् स्कॅनिंग म्हंजे पोतंच ताडपत्रीवर ओतून बघायचं. त्यांच्या मशीनचा मणी एकदा टेकला की उचलतच न्हाई. कडेकडेनं घसरत जातो. मधलं काही सुटत न्हाई."

"मंग ओतू द्या की," मिस्तरी म्हणाले. "आपल्या पोत्यात खडे थोडेच हायती?"

आमच्या यंत्रात ती सोय नव्हती. पण मामांना एक जुनी युक्ती माहीत होती. टेकताच टुक करणारा मण्याचा दांडा, म्हणजे प्रोब, काढायचा, त्या जागी न हलणारा, घट्ट बसवलेला मणी लावायचा, पायाखालचं पेडल दाबून ठेवायचं आणि हाताने मणी कडेवरून घसटत न्यायचा. संगणक आपोआप बिंदू घेत राहतो. स्कॅनिंगच ते, फक्त मोटरच्या जागी माणसाचा हात. त्यात जोर कमीजास्त झाला की रेघ हलते, म्हणून कंपनीला ते चालत नाही. आपल्या समाधानासाठी करून बघू, मामा म्हणाले.

मे महिना होता. एसी आणि कॉम्प्रेसर एकदम चालवले की दिवे मंद व्हायचे. मी श्वास धरून मणी कडेवरून ओढत नेला. पडद्यावर हिरवी रेघ उमटत गेली. ती थरथरती होती, ते मला अपेक्षित होतं. पण त्या थरथरीत मधून मधून एक बारीक खड्डा होता.

"हात हलतोय तुझा," मामा म्हणाले. "चहा पी अन् मग कर."

मी चहा प्यायले. खड्डे पुन्हा आले. मग मामांनी स्वतः केलं. त्यांचा हात माझ्याहून स्थिर होता, रेघ जास्त साफ आली. खड्डे तिथंच होते. तेव्हा मी मास्टर चकती लावली आणि तिच्या कडेवरून मणी नेला. रेघ थरथरली, पण खड्डा एकही आला नाही.

मामा खुर्चीवर बसले. मी आमचा कॅम परत लावला, पडद्यावरच्या एका खड्ड्यावर बोट ठेवलं आणि चकतीवर ती जागा कुठं येते ते बघितलं. तिथं निळी शाई होती, पुसट झालेली. पुढच्या खड्ड्याच्या जागीही होती.

"मामा, खड्डे खुणांखाली आहेत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. "जिथं मी मोजते तिथंच खड्डा आहे. तिथं माप बरोबर आहे. दोन खुणांच्या मधे सगळं उंच राहिलंय."

मामांनी मिस्तरींना हाक मारली. ते चपला काढून, शर्टाला हात पुसत आत आले.

"काहून बोलावलं? थंड हवेत बसाया?"

"बस," मामा म्हणाले. "ह्या निशाण्यांवर तू दगड कसा फिरवतो? तेवढ्याच जागी?"

"मंग? ताईनं निशाणी केली तितं कमी करायचं. एक बी निशाणी सोडली न्हाई आजपस्तोर. ताईला इचारा."

"अन् मधे?"

"मधे निशाणी कुठंय?" मिस्तरींना प्रश्नच कळला नव्हता. "जितं खोट दाखवली तितं हात लावायचा. चांगल्याला काहून हात लावू? चांगल्याला हात लावला की बिघडतंय. तुमीच शिकवलं की, साहेब."

हे खरं होतं. दुरुस्तीच्या कामात ती रीतच होती, जेवढं खराब तेवढंच काढायचं. मामा ती पुण्यात शिकले होते आणि त्यांनीच ती मिस्तरींना दिली होती. उंचीचा फरक इतका कमी की नखाला लागत नव्हता, डोळ्याला दिसत नव्हता. आणि मी पुन्हा मोजताना तबकडी मला पुन्हा त्याच जागी आणून सोडत होती.

मामांनी कॅम हातात घेऊन एका खुणेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "परखी जिथं घुसती तिथंच चांगली हळद भरावी, तसं झालं हे."

मिस्तरी उठले. "म्हंजे मी लबाडी केली म्हंता?"

"तसं न्हाई म्हणलो."

"तसंच म्हणलं तुमी." त्यांनी बाहेर जाऊन चपला घातल्या आणि तसेच शेडच्या बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी कामावर आले, पण त्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवलं नाही. कॅम दाराशी ठेवायचे आणि कडी वाजवायचे.

आम्ही काही कॅम सुधारायचा प्रयत्न केला. मधली उंची खाली आणायला गेलो तर पूर्ण चकतीच मापाच्या खाली जाऊ लागली, कारण खड्ड्यांचे तळ आधीच मापाला टेकलेले होते आणि मधलं घासताना दगड त्यांनाही खात होता. काढलेलं लोखंड परत लावता येत नाही. मिस्तरींनी एका कॅमवर दोन दिवस घातले. तो गुळगुळीत झाला, सुंदर दिसत होता, आणि लहान होता. तो त्यांनी भंगाराच्या डब्यात न टाकता खिडकीत ठेवला.

नवे कॅम काढायला लोखंड नव्हतं आणि कंपनीची तारीख जवळ आली होती. मामा म्हणाले, "त्यातले बरे घेऊन जाऊ. आपला हातच कच्चा असंल. त्यांच्या मशीनवर कदाचित चालून जाईल." त्यांना खरंच तसं वाटत होतं का, मला सांगता येणार नाही. त्यांनी पुण्याच्या नोकरीतला चांगला शर्ट इस्त्री करून घेतला. कॅम एकेक करून धोतराच्या फडक्यात गुंडाळले. पहाटेच्या एसटीने आम्ही निघालो. जिंतूर, मंठा, जालना. पिशवी मामांनी पूर्ण रस्ताभर मांडीवर धरली होती.

कंपनीची लॅब थंड आणि कोरी होती. तिथलं यंत्र आमच्यासारखंच होतं, तोच काळा दगड, तोच पूल, पण त्याला हात लावायला कुणी नव्हतं. इंजिनिअर माझ्याच वयाचा होता. त्याने माझ्याशी इंग्रजी सुरू केली आणि मीही इंग्रजीत उत्तरं दिली, कारण तीच भाषा मला अनोळखी माणसासमोर सोपी जाते. मामा आमच्या मधे उभे होते.

मणी कॅमला टेकला आणि उचलला गेला नाही. कडेवरून सावकाश घसरत गेला. मांजर भिंतीला अंग घासत जातं तसा. हात नव्हता, त्यामुळे थरथर नव्हती. पडद्यावर साफ काळी रेघ येत होती आणि तिच्यात ठरावीक अंतरावर खड्डे पडत होते. इंजिनिअरने आमचा रिपोर्ट घेतला, आमचे बिंदू त्या रेघेवर चढवले. आमचा प्रत्येक बिंदू खड्ड्याच्या तळाशी नेमका बसला. एकही चुकला नाही.

त्याने रेघ मोठी करून पुन्हा बघितली. मग मला हळू आवाजात म्हणाला की इतक्या नेमकेपणाने असं आपोआप होत नाही, हा कॅम फक्त रिपोर्टसाठी तयार केल्यासारखा दिसतो.

"काय म्हणून राहिलाय?" मामांनी विचारलं.

"खुणांच्या जागी माप बरोबर आहे म्हणाले."

"अन्?"

"मधे नाही."

"अन् अजून काय म्हणाला?"

मी टेबलावरची रिपोर्टची पानं सारखी केली. वीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला 'रिपोर्ट' हा शब्द कळतो, आणि तो कोणत्या आवाजात म्हटला तेही कळतं. मामा त्याच्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "साहेब, लबाडी नाही केली. आमची काम करायची रीतच तशी होती. खूण केली तिथं घासायचं. मधलं आमच्या ध्यानात आलं नाही."

"मी लबाडी म्हटलं नाही, काका," तो अगदी स्वच्छ मराठीत म्हणाला. परभणीकडचा असावा. "मला समजतंय. पण चाक प्रत्येक खड्ड्यात पडतं. ती टकटक त्याचीच आहे."

मला वाटलं होतं की त्याला मराठी येत नाही. त्याने पहिल्यापासून मराठीत बोलायला हवं होतं, किंवा मी. अर्थात त्यामुळे काही बदललं नसतं.

त्याने आम्हाला चहा पाजला. नव्याने देणार असाल तर स्कॅनिंगचा रिपोर्ट जोडावा लागेल, म्हणाला. तसं यंत्र आमच्याकडे येणार नाही हे त्यालाही माहीत होतं. परत येताना मामांनी पिशवी वरच्या रॅकवर टाकली. मंठ्याच्या पुढं ते म्हणाले, "ती मशीनच खरं बोलती. माणूस नाही बोलत." मी हो म्हणाले.

पावसाळ्यानंतर वर्कशॉप बंद झालं. लेथ गेला, मिलिंग भंगारात गेलं. मिस्तरी साखऱ्याला भावांकडे गेले. पुढच्या खंडेनवमीला मी वाट बघितली, ते आले नाहीत. मोजणीयंत्र कुणी घेतलं नाही. त्याचा संगणक आणि प्रोब काढून नेले गेले, काळा दगड उचलता येईना म्हणून राहिला. शेजारच्या हळदवाल्याने शेड भाड्याने घेतली आणि दाराखालची ट्यूबची पट्टी उपटून टाकली, कारण हातगाडी अडकत होती.

मामा पुण्याला गेले. कुठं काम करतात ते आईला त्यांनी सांगितलं नाही, आईनेही विचारलं नाही.

दोनेक वर्षांनी मी पुण्याला एका कंपनीत इंटरव्ह्यूसाठी गेले. त्यांना स्कॅनिंगचा अनुभव असलेलं माणूस हवं होतं. मी हातानं केलेल्या स्कॅनिंगबद्दल सांगितलं. समोरचा हसला नाही, पण त्याने लिहायचं थांबवलं. तिथून निघाले ती मामांनी फोनवर दिलेल्या पत्त्यावर गेले. मोठी सोसायटी होती. गेटवर ते निळ्या शर्टात उभे होते, शिट्टीची दोरी खांद्याला. मला बघून त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"झालं का काम?"

"नाही."

"थांब, राउंड मारून येतो. मग चहा पिऊ."

त्यांच्या हातात एक आखूड दांडा होता. कंपाउंडच्या प्रत्येक कोपऱ्यात भिंतीवर एक स्टीलचं बटण बसवलेलं होतं. दांड्याचं टोक बटणाला टेकवलं की टुक वाजायचं आणि लाल दिवा लुकलुकायचा. पहारा झाला, अशी नोंद. मी त्यांच्या मागं पहिल्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथून पुढचा कोपरा भिंतीच्या कडेने बराच लांब होता. मागं झुडपं होती, पाण्याच्या टाक्या होत्या, अंधारी जागा होती.

मामा भिंतीच्या कडेने गेले नाहीत. पार्किंगमधून, उभ्या गाड्यांच्या मधून, सरळ पुढच्या बटणाकडे निघाले.

"मामा, भिंतीकडचं?" मी विचारलं.

"तिकडं बटण नाही," ते म्हणाले, आणि पुढच्या कोपऱ्यात जाऊन त्यांनी दांडा टेकवला.